फळीतली मोकळी जागा

घरजावयाने मांजर पाळावं, पोपट पाळावा. होड्यांच्या कारखान्याच्या मालकीणबाईंच्या जावयाने किडे पाळले होते. बाईंच्या धाकट्या मुलाच्या नावेची तळफळी किड्यांनी पोखरली म्हणून कारखान्यात नवी बसवली, तर जुनी जावईबापूंनी उचलून मागच्या खोलीत खाऱ्या पाण्याच्या टबात ठेवली.

"आमची हयात यांच्या नावाने बोटं मोडण्यात गेली, जावईबापू, आणि तुम्ही त्यांचं माहेरपण करताय?"

"किडा नाही, सासूबाई. शिंपल्याच्या कुळातला आहे. शेपटीशी दोन झडपा असतात, त्यांवरून जात ठरते."

"तोंड सोडून शेपटीवरून. शिकलात खरे."

दुसरीत शाळा सुटलेल्या बाईंना हातोडीच्या एका टोल्यात लाकूड कळे. आठ दिवसांपूर्वी त्यांनी तो टब सरळ मोरीत उलटा केला. जावयाने फळी तेवढी उचलून नेली.

आज सकाळी मात्र त्याने फळीचे तीन एक्स-रे खिडकीच्या काचेला लावले.

"हे एकमेकांच्या बिळात कधी शिरत नाहीत. शेजारी लागला की वळतात. इथे शेजारी कुणीच नाही, लाकूड अखंड आहे. तरी सगळे वळलेत."

पहिल्या फोटोत पांढऱ्या बिळांमध्ये लिंबाएवढी मोकळी, न पोखरलेली जागा होती. दुसऱ्यात ती खाली लांबलेली. तिसरा बघायला पाच बाळंतपणं झालेल्या बाईला शाळा लागत नव्हती.

कुशीवर झोपलेलं वीतभर माणूस. डावा हात कानाखाली, उजवी मूठ हनुवटीशी. धाकटा पाळण्यात असाच झोपे. अजूनही असाच झोपतो. गुडघ्यांखाली मात्र बिळंच बिळं.

"हा कधीचा?"

"आजचा."

"पण मी पाणी ओतलं ना."

"तिसऱ्या दिवशी सगळे मेले. झडपा मिटल्या त्या उघडल्याच नाहीत. फळी तेव्हापासून माझ्या कपाटात आहे, कोरडी. कुणी पोखरायला उरलेलंच नाही."

बाईंनी हातोडी घेतली. कडेला पोकळ वाजलं. डोक्याशी टणक. पाठीशी टणक.

गुडघ्यांखाली पोकळ वाजायला हवं होतं.

टणक वाजलं.

त्या बोटभर खाली सरकल्या. टणक. आणखी बोटभर.

पोकळ.

खालून, धक्क्यावरून धाकट्याची हाक आली. "आई, भरती चढली. निघतो मी."

बाईंनी हातोडी हलकेच खाली ठेवली.

"हे मला आधी दाखवायचं होतं, जावईबापू," त्या म्हणाल्या. "धावा. त्याला दोर सोडू देऊ नका. पावलं तेवढी उमटायची राहिलीत."