पूरण

"'पर्यंत' म्हंजे काय, ते मला शिकवू नकोस!" सारिका पोवार भिंतीवरच्या पेटीवर ओरडली. "गाडी कोल्हापूरपर्यंत म्हटली की कोल्हापूर यायलाच पायजे. तुमचं 'पर्यंत' आजऱ्याच्या वेशीतच मरतंय!"

पेटीवरचा नारिंगी दिवा लुकलुकत राहिला. आतला गोड आवाज पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. आपल्या घरी सेकंदाला हजार मेगाबिटपर्यंत वेग उपलब्ध आहे. आपली तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे. सारिकानं सगळी हयात एसटीत कंडक्टर म्हणून काढली होती. भरल्या गाडीत मागच्या सीटवर झोपलेला माणूस उठून बसेल असा तिचा आवाज होता. पण ऐकणारं माणूसच नसेल तर त्या आवाजाचं करायचं काय?

"वेगाचं मरू दे," ती म्हणाली. "माझी पोरगी 'येते' म्हणतच न्हाई. आमच्याकडं बायका 'येतो' म्हणत्यात. त्या निरोपात जो शब्द हाय तो तिचा न्हवं. लिहून घे."

"आपली भाषिक सूचना नोंदवली आहे," आवाज म्हणाला. "आभारी आहोत."

सारिकानं हातातली चप्पल पेटीवर फेकली.

अशी पेटी आता घरोघर होती. पाणी आणि वीज पिणारी माहितीची अवाढव्य कोठारं परवडेनाशी झाली, तेव्हा सगळी माहिती लोकांच्या घरातच ठेवायची असं ठरलं. फोटो असो, सिनेमा असो, की लेकीनं आईला पाठवलेला निरोप. त्याचे बारीक तुकडे व्हायचे आणि ते गावोगावच्या पेट्यांमध्ये विखरून पडायचे. प्रत्येक तुकड्याच्या चार-दोन प्रती असत. तुम्ही फाइल मागितली की तुमची पेटी ठिकठिकाणांहून तुकडे गोळा करी आणि क्रमानं लावून पुढे ठेवी. या व्यवस्थेचं नाव 'सहवाट'. कल्पना वाईट नव्हती. ज्यांच्या घरी वेग होता त्यांना तर ती फारच आवडली. डोंगराकडच्या गावांत मात्र फाइल नव्व्याण्णव टक्क्यांवर येऊन बसायची आणि उरलेला एक टक्का दिवसच्या दिवस यायचा नाही. कुणाची पेटी बंद, कुणाच्या तारेवर झाड पडलेलं. लोक चिडले आणि चिडायलाच हवं होतं. यावर सरळ उपाय होता, नव्या तारा घालायच्या. सहवाट चालवणाऱ्या कंपनीनं तारा घातल्या नाहीत. कंपनीनं 'पूरण' आणलं.

पूरण म्हणजे न आलेल्या तुकड्याच्या जागी अंदाजानं भरलेला तुकडा. आलेले तुकडे ऐकून, आणि कोट्यवधी माणसं एरवी काय बोलतात ते आठवून, सॉफ्टवेअर मधली जागा भरून काढायचं. आवाज त्याच माणसाचा, सूर तोच, श्वाससुद्धा तसाच. जाहिरातीत तुपाची धार सोडलेली पुरणपोळी होती आणि खाली लिहिलं होतं, 'आता अपूर्ण काही नाही'. सुरुवातीला भरलेल्या जागी पडद्यावर एक पिवळा ठिपका दिसायचा. त्या ठिपक्यानं ग्राहकांचा विरस होतो असं कुणाच्या तरी लक्षात आलं आणि ठिपका काढून टाकण्यात आला. थोडक्यात, वेगवाल्यांना खरं मिळायचं आणि बाकीच्यांना पूरण. आपल्या ताटात काय पडलंय हे बाकीच्यांना कळायची सोयही उरली नव्हती.

सारिकाला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिची मुलगी केतकी घरी आली नव्हती, एवढंच तिला ठाऊक होतं.

केतकी नागपुरात होती. आधी लग्न मोडलं, मग नोकरी गेली. फोनवर ती कमी कमी बोलू लागली होती. दिवाळीनंतर तिचा एक निरोप आला. "आई, खोली सोडली. आता इथनं निघालो. तू वेळेवर जेवत जा. बरं आई, येते मी." सारिकाला कोण आनंद झाला. पोरगी घरी येतेय! तिनं लगेच उलट निरोप पाठवला, "बरं, ये." गादी उन्हात टाकली, केतकीला आवडतं म्हणून नाचणीचं पीठ दळून आणलं आणि स्टँडवरच्या कंट्रोलरला सांगून ठेवलं की पोरगी उतरली की मला फोन कर.

केतकी आली नाही. त्या दिवशी नाही, त्या महिन्यातही नाही. पोलीस म्हणाले, बाई सज्ञान आहे, आपल्या मर्जीनं खोली सोडून गेली आहे, आम्ही काय करणार? सारिका रोज निरोप पाठवायची. रागावायची, शिव्या घालायची, रडायची. निरोप पोचल्याची खूण यायची, उत्तर यायचं नाही. मग ती केतकीचा तो शेवटचा निरोप लावून बसायची. ऐकता ऐकता एक दिवस तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'आलो', 'गेलो', 'येतो' म्हणतात. केतकीही तसंच बोलायची. दोन वाक्यं आधी 'निघालो' म्हणणारी पोरगी शेवटी 'येते' कशी म्हणेल? आधी सारिकाला वाटलं होतं, नागपुरात राहून शुद्ध बोलायला शिकली. पण एकाच निरोपात माणूस असं मध्येच शुद्ध होत नाही.

पेटीकडून दाद लागेना, तेव्हा ती एसटी पकडून कोल्हापूरला गेली आणि सहवाटच्या कचेरीत जाऊन बसली. काचेमागच्या मुलीनं टोकन घ्यायला सांगितलं. सारिका म्हणाली, "माणूस पाठवा. तोवर मी हलत न्हाई." दुपार टळेपर्यंत तिचा आवाज तिन्ही मजल्यांवर पोचला होता. शेवटी एक बाई खाली आल्या. डॉ. यास्मिन मुजावर. पूरणाचं गणित ज्यांनी बसवलं त्यांच्यापैकी एक, मूळच्या गडहिंग्लजच्या.

आपल्या खोलीत नेऊन त्यांनी सारिकाला चहा दिला आणि निरोप उघडून पाहिला.

"शेवटचा तुकडा भरलेला आहे, काकू," त्या म्हणाल्या. "तुमचा संशय बरोबर होता."

"भरलेला म्हंजे?"

यास्मिननं जरा विचार केला. "समजा, दुकानात कुणीतरी आलं आणि 'अर्धा किलो सा...' एवढंच बोलून त्याला खोकला आला. वाणी काय करतो? साखर तोलायला घेतो. बहुतेक लोक साखरच मागतात. आमचं सॉफ्टवेअर तेच करतं. 'बरं आई' म्हणून निघालेली मुलगी पुढं 'येते मी' म्हणते. शंभरातल्या नव्व्याण्णव जणी तेच म्हणतात."

"आनि साबुदाणा पायजे असला तर?"

यास्मिननं चहाचा कप तिच्याकडे सरकवला.

"वाणी विचारतो तरी, बाई," सारिका म्हणाली. "खोकला थांबूस्तवर उभा ऱ्हातो. तुमाला तेवढाबी दम न्हाई? मी मागितलं हुतं का अंदाजानं भरा म्हणून? मी थांबलो असतो की. आठ दिस थांबलो असतो."

"लोक थांबत नाहीत, काकू. नव्व्याण्णव टक्क्यांवर लोक पेटी फोडायला उठतात."

"मग तारा घाला! खोटं कशाला वाढताय?"

या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते यास्मिनच्या हातातलं नव्हतं. त्यांनी त्या एका निरोपापुरतं पूरण बंद केलं आणि खरा तुकडा मागवायला टाकला. जिथं कुठं त्याची प्रत असेल ती पेटी चालू असली, तर तो येणार होता. पडद्यावर नव्व्याण्णव टक्के दिसू लागले. दोघी बघत बसल्या. चहा निवला. खाली कुणीतरी दुसऱ्याच तक्रारीवरून भांडत होतं. सारिका पहिल्यांदाच गप्प बसली होती.

मग कुठल्या तरी गावात कुणीतरी पेटी चालू केली असावी. आकडा हलला. शंभर.

यास्मिननं निरोप लावला.

"आई, खोली सोडली. आता इथनं निघालो. तू वेळेवर जेवत जा. बरं आई, जातो मी."

सारिकानं टेबलाची कड घट्ट धरली. यास्मिनही गडहिंग्लजच्या होत्या, घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नसतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण एवढ्यानं संपत नव्हतं.

"लहानपणी मुद्दाम म्हणायची," सारिका म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. "शाळंला निघाली की दारात उभी ऱ्हायची आनि 'जातो गं' म्हणायची. मग मी वरडायचो. परत फीर, उंबऱ्याच्या आत ये, घोटभर पाणी पी आनि येतो म्हण! तिला त्येच पायजे असायचं. ज्या दिशी जाऊ वाटायचं न्हाई त्या दिशी हटकून 'जातो' म्हणायची. मी परत बोलवावं म्हणून."

"काकू..."

"आनि ह्या खेपंला मी काय म्हटलं? 'बरं, ये'."

निघालेल्या माणसाला निरोप देतानाही आपण हेच म्हणतो. बरं, ये. सारिकानं ते घरी बोलवायला म्हटलं होतं. दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या पोरीला ते कसं ऐकू गेलं असेल, हे दोघींनाही कळलं.

"पन त्याच्यानंतर किती शिव्या घातल्या मी तिला," सारिका घाईघाईनं म्हणाली. "रोज. परत फीर म्हणून वरडलो. त्ये तरी ऐकलं असंल की."

यास्मिननं मान खाली घातली. "तुमच्या घरची बाहेर जाणारी लाइन आत येणाऱ्या लाइनपेक्षाही मंद आहे. तुमची मुलगी आत्ता जिथं आहे तिथली तर त्याहून मंद."

"कुठं हाय ती?"

"ते सांगायला मनाई आहे."

"बरी मनाई हाय! तिच्या तोंडात शब्द घालायला मनाई न्हाई, मला ठिकाण सांगायला मनाई. मग माझ्या शिव्यांच्या जागी तिला काय ऐकू गेलं, त्ये तरी सांगा."

यास्मिननं पडद्यावर त्या निरोपांची नोंद उघडली.

"बहुतेक आया जे म्हणतात, ते," त्या म्हणाल्या. "काळजी घे. सुखी राहा."

सारिका उठून उभी राहिली. आयुष्यात तिनं लेकीला 'सुखी राहा' म्हटलं नव्हतं. असली गुळगुळीत वाक्यं तिच्या घरात कुणी बोलतच नसे. आणि तिच्याच आवाजात, रोज, कुणीतरी तिच्या पोरीला हळूच दाराबाहेर ढकलत होतं.

"इथनं पाठवा," यास्मिन म्हणाल्या आणि त्यांनी माइक पुढं सरकवला. "इथं पूर्ण वेग आहे. इथनं तरी तुमचा शब्द अख्खा निघेल."

सारिका माइकवर वाकली. समोर भरलेली गाडी असावी तशी ओरडली. "केतके! परत फीर! उंबऱ्याच्या आत ये आधी. पाणी पी. आनि येतो म्हण!"

निरोप गेला. पोचल्याची खूण आली. मग काहीच नाही. सारिका पुन्हा पुन्हा तेच ओरडत राहिली. दारात माणसं जमली, यास्मिननं त्यांना हातानंच जायला सांगितलं. शंभरदा म्हटलं तर एखादा तरी तुकडा खरा पोचेल, असं सारिकाच्या मनात होतं, आणि ते शास्त्राला धरूनही होतं.

आणि उत्तर आलं. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"आई, तुझा आवाज ऐकला. बरं आता, येतो गं."

सारिका हसायला लागली. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, तेही तिनं पुसलं नाही. "ऐकलंसा? 'येतो' म्हणाली! 'येते' न्हाई, 'येतो'. ही माझीच पोरगी. तुमच्या मशिनला ह्ये जमायचं न्हाई, बाई!"

यास्मिन हसल्या नाहीत. त्यांची बोटं पडद्यावर फिरत होती.

"काय झालं?"

"ह्या निरोपाचे तीन तुकडे आहेत. त्यातले दोन तिचे आहेत."

"कुठला न्हाई?"

"शेवटचा."

"मग मागवा की! मघाशी मागवला तसा. मी बसतो."

"तो कुठल्याच पेटीत नाही, काकू. तिच्या फोनमधनं निघायच्या आधीच लाइन तुटली. फोनही बंद झालाय."

"पन 'येतो' म्हणाली ना! तुमचं पूरण 'येते' म्हणतंय. सगळ्या बायकांना 'येते'च म्हणाय लावतंय. मीच तर तक्रार केल्ती!"

"हो," यास्मिन म्हणाल्या. त्यांना ते वाक्य पुरं करायचं नव्हतं. "तुमची सूचना आमच्याकडं आली. चांगली सूचना होती. गेल्याच आठवड्यात आम्ही सुधारणा केली. आता कोल्हापूरकडच्या बायकांसाठी ते 'येतो'च भरतं."

सारिकानं खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाली, "परत लावा."

यास्मिननं लावलं. बरं आता, येतो गं. आवाज केतकीचा होता. 'गं' वरची लकबसुद्धा तिचीच होती. सारिकानं कान पडद्याला लावून पुन्हा ऐकलं, आणि पुन्हा. त्यात काहीच खोट सापडेना. खोट काढण्याचा एकच मार्ग तिच्याकडे होता, आणि तो तिनं स्वतःच्या तोंडानं कंपनीला शिकवला होता.

तिनं पिशवी उचलली. आजऱ्याची गाडी गाठायची होती, घरी जाऊन गादी पुन्हा उन्हात टाकायची होती. शब्द खरा असला तर पोरगी यायची आणि गादीला कुबट वास यायचा.

"या, काकू," यास्मिन सवयीनं म्हणाल्या.

दारातून बाहेर पडताना सारिकानं 'येतो' म्हटलं नाही.