केसाचा टाका

संग्राहकाचं नाव नसलेला नमुना म्हणजे बेवारस, असं आमचे विभागप्रमुख म्हणायचे. १९६८ साली कॉलेजच्या वनस्पतिसंग्रहात असे एकोणीस कागद मला सापडले. गाव कशेळे, साल १९५१, संग्राहकाचा रकाना कोरा. वाळलेली रोपं कागदाला शिवलेली होती. भिंगातून पाहिलं, तर दोऱ्याच्या जागी लांब काळे केस होते.

दोन कागद घेऊन मी कर्जतहून एस.टी.नं कशेळ्याला गेलो. विचारत विचारत डोंगराखालच्या पाड्यावर गौराबाईंपर्यंत पोचलो. त्या दारात केस विंचरत बसल्या होत्या, फणीत आलेले पांढरे केस बोटाला गुंडाळत. कागद पाहिले आणि त्यांचा हात थांबला.

त्यांची मुलगी जनी त्या वर्षी कॉलेजच्या एका साहेबांसाठी रानात हिंडायची. रोपं तीच शोधायची, दाबून वाळवायची, शिवायची. दोरा संपला की स्वतःचा केस ओवायची. गाठ आईनं शिकवलेली, गोधडीची. दिवाळीच्या आदल्या दिवशी ती कड्यावरून पडली. साहेब पुन्हा पाड्यावर फिरकले नाहीत.

"तिचा फोटू बी नाय माज्याकडं," गौराबाई म्हणाल्या. "हितं तिचं नाव लिवा, दादा. माज्या डोळ्यांदेखत लिवा."

मी पेनाचं टोपण काढलंसुद्धा. पण माझा स्वभाव मेला किरकिरा. आधी तारखा ताडल्या. त्या साली दिवाळी ऑक्टोबरअखेर होती आणि हातातले दोन्ही कागद डिसेंबरचे. तेव्हा जनी नव्हतीच, मग तिचं नाव कसं लिहू, असं मी चाचरत विचारलं.

"मंग पडल्यावर बी गेली आसंल रानात," त्या शांतपणे म्हणाल्या. "गाठ तिचीच हाय."

चौकशी करून लिहितो, असं सांगून आणि गावातल्या शाळेच्या मास्तरांकडे माझा पत्ता ठेवून मी निघालो. एस.टी.त बसल्यावर स्वतःचीच लाज वाटली.

भाद्रपदात कशेळ्याच्या मास्तरांचं पोस्टकार्ड आलं. गौराबाई गेल्या. नाव लिहिलं का, असं शेवटपर्यंत विचारत होत्या.

मी तसाच उठलो. कपाटाची किल्ली माझ्याचकडे असायची. एकेक कागद काढून जनीचं नाव लिहीत गेलो. रडू आवरत नव्हतं.

एकोणीस झाले.

खाली आणखी एक कागद होता.

कळलावीचं फूल, पाकळ्या अजून ओल्या. रकाना कोरा. गाठ तीच.

केस पांढरा होता.