बोंबील नेणारे सर

शिक्षण परिषदेत पंखा जोरात फिरला आणि थळच्या शाळेत शिकवणाऱ्या राहीच्या हातातला वर्गाच्या वाचनाचा तक्ता उडून समोरच्या सरांच्या मांडीवर जाऊन पडला.

"अर्धा वर्ग लाल?" शेजारच्या गावच्या शाळेतले गणराज सर हसले.

"लाल म्हणजे अक्षरांवर अडलेली मुलं. पुन्हा मुळाक्षरांपासून सुरू केलंय मी."

"चाचणी कधी घेतली?"

"सकाळी. का?"

"काही नाही... थळची मुलं शाळेआधी कुठं असतात, ते तक्ता सांगत नाही."

राहीला राग आला. पण ते हसू मात्र तिच्यासोबत घरापर्यंत आलं.

मग सर सारखे शाळेच्या फाटकाशी दिसू लागले. हातात ओली पिशवी. "बोंबील घ्यायला आलो होतो. म्हटलं, तक्ता बघावा."

तक्त्याकडे कमी, तिच्याकडेच जास्त बघत — की तिलाच तसं वाटे?

एकदा पिशवीशी चाळा करत म्हणाले, "माझ्या घराजवळ, तिकडं लांब म्हसळ्याला बदली मिळतेय. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. जाऊ?"

"मला का विचारता?"

"असंच..."

असंच! राहीला ना तक्ता उलगडत होता, ना हा माणूस.

बुधवारी संध्याकाळी ती तक्त्यात लाल असलेल्या अमिषाच्या घरी गेली. अमिषाची आजी, सत्यवती, दारात मासळी निवडत होती.

"अमिषा वाचत का नाही, मावशी?"

"वाचते की! पन पहाटं माझ्यासंगती बंदरावर असते. सकालची डुलक्या घेते पोर. जेवल्यावर इचार तिला." मग म्हातारीनं डोळे मिचकावले. "नि त्या गणराज मास्तरला सांग बाय, माझ्याकडनं बोंबील नको नेऊ. मालकरी हाय तो, मासली खात न्हाय! नेतो नि नाक्यावरच्या मांजरींना घालतो."

"मग घेतो कशाला?"

"आता ते बी मीच सांगू?"

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर अमिषानं अख्खा धडा घडाघडा वाचला. राहीनं तक्त्यातला तिचा लाल रंग खोडला.

शाळा सुटली. फाटकाशी सर उभेच.

"आज काय घेतलं?"

"बोंबील."

"कसे करता?"

"...उकडून."

"गळ्यात माळ घालून?"

त्यांचा हात कॉलरशी गेला. कान लालबुंद झाले.

"मग... म्हसळा?" त्यांनी हळूच विचारलं. "उद्या कळवायचंय."

"लाल दिसलं म्हणून मी आता लगेच काही ठरवत नाही," राही त्यांच्या कानांकडे बघत म्हणाली. "जेवणानंतर पुन्हा बघते."

"म्हणजे?"

"म्हणजे इथंच राहा," राही पुटपुटली. "आणि उद्या जेवणानंतर या... बोंबील न घेता."