मागच्या दाराची सोय

इंग्लंडमधल्या रीडिंग गावच्या त्या चिंचोळ्या घरात बाथरूम स्वयंपाकघराच्याही पलीकडे, पार मागे होतं. अक्षयाला फक्त गळका टब काढून शॉवर हवा होता आणि बागेतल्या चिखलाचे बूट काढायला मागच्या दाराशी एक छोटी खोली. बिल्डर तिला बूट रूम म्हणायचा. काम एवढंसंच. पण सासूबाईंनी, लीलावतींनी, मध्येच आपलं घोडं पुढे दामटलं. त्यांना बूट रूममधून थेट बाथरूममध्ये उघडणारं दार हवं होतं.

"मयताहून आलेल्या माणसानं कशाला न शिवता आधी आंघोळीला जावं. स्वयंपाकघरातून कसं जायचं त्यानं?"

"आई, इथे कोणाच्या मयताला जाणार आहोत आपण?" अक्षया करवादली.

पण तिच्या नवऱ्याने, यतीनने, आईची बाजू घेतली. भिंत फुटली आणि काम सगळा हिवाळा रेंगाळलं. बिल्डर सोमवारी येतो म्हणायचा, कुठल्या सोमवारी ते सांगायचा नाही. घरभर धूळ, भाजीत प्लास्टर. अखेर दार बसलं तेव्हा अक्षयाच्या अंगात भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

भांडायला निमित्त मात्र लगेच मिळालं. रोज दुपारी बाथरूममध्ये कोणीतरी आंघोळ करून जायचं. वरच्या खोलीत ऑफिसचं काम करणारी अक्षया चहाला खाली उतरली की आरशावर वाफ, फरशी ओली आणि तिचाच टॉवेल भिजलेला. यतीन लंडनला ऑफिसात. म्हणजे सासूबाईच.

"आई, दोनदा आंघोळ करा हवं तर. निदान माझा टॉवेल तरी घेऊ नका."

लीलावती नुसत्या बघत राहायच्या. त्यांच्यावरचा राग मग यतीनवर निघायचा. तोही कमी नव्हता. एवढी खोली बांधली तरी बूट स्वयंपाकघराच्या मधोमध काढायचा.

"तुला स्वतःचं शेल्फ दिलंय, यतीन. लेबल लावू का त्याला?"

तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी बूट पुन्हा तिथेच.

एका पावसाळी दुपारी ती जिना उतरली तेव्हा भिंतीपलीकडे शॉवर चालू होता. चिडून बोलायला तिने तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. सासूबाई समोर टेबलापाशी मेथी निवडत बसल्या होत्या.

"मला वाटायचं तू असतेस," लीलावती हळूच म्हणाल्या. "मागच्या दारानं येतेस... कशाला शिवत नाहीस... डोक्यावरून पाणी घेतेस. आणि रडतेस. काय विचारणार मी..."

पाण्याच्या आवाजाखाली खरंच कोणीतरी हुंदके दाबत होतं. तो आवाज अक्षयाचा होता. दाराच्या फटीतून ओल्या लोकरीचा आणि लिलीच्या फुलांचा वास येत होता.

"मयत माझंच असेल," लीलावती म्हणाल्या. "वय झालं आता. तू घाबरू नकोस."

"काहीतरी बोलू नका." तिला त्यांचा इतका राग आला की डोळेच भरून आले.

तेवढ्यात मागचं दार वाजलं. बूट रूमच्या फरशीवर काठी टेकली. टक्... टक्... लीलावतींची काठी तर त्यांच्या खुर्चीला टेकलेली होती. पलीकडची काठी सावकाश बाथरूमपर्यंत गेली आणि आतून लीलावतींचाच थकलेला आवाज आला, "झाली का गं तुझी आंघोळ?... गारठलेय मी..."

आतल्या दोघीही मयताला जाऊन आल्या होत्या. घरात तिसरं माणूस एकच होतं.

अक्षयाने फोन लावला.

"अगं, मीटिंगमध्ये आहे मी," यतीन वैतागला. "आता काय झालं? बाथरूम लीक होतंय का?"

"घरी ये. प्लीज..."

संध्याकाळी तो आला. धडधाकट, भुकेला. नेहमीसारखा पुढच्या दाराने आला आणि स्वयंपाकघराच्या मधोमध बूट काढून आत गेला. अक्षयाचं तोंड सवयीने उघडलं. लीलावतींनी तिचा हात घट्ट धरला.

"आज त्याला काही बोलू नकोस."

तिने बूट उचलले. तपकिरी बूट, डाव्याची नाडी तुटल्यावर तिनेच ओवलेली काळी नाडी. बूट रूममध्ये जाऊन तिने दिवा लावला. फरशी कोरडी होती, बाथरूम शांत.

यतीनच्या शेल्फवर जागा नव्हती. तिथे तेच बूट होते, डाव्याला तीच काळी नाडी, चिखलाने माखलेले. हॉस्पिटलातून माणसाचं सामान परत देतात तशा पारदर्शक पिशवीत, वर गाठ मारून ठेवलेले.

"अगं, चहा टाकतेस ना?" आतून यतीन विचारत होता.