मुरगाव बंदरातला मचवा

ही गोष्ट एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालची. त्या दिवशी धुळीनं कुवेतचं आभाळ दुधासारखं झालं होतं; समुद्र कुठे संपतो तेच कळत नव्हतं.

कुवेतच्या एगैला भागात श्यामलावहिनींकडे ताहिरा आली. वहिनी पूर्वी पुण्यात खाजगी तपासाचं काम करत. इथेही लोक अडचणी घेऊन येतच. महिन्यापूर्वीच नोकरीला आलेला त्यांचा दीर शशिकांत शेजारी बसला होता.

"उद्या इथल्या मराठी मंडळाची स्मरणिका छापायला जाते," भुवईवरच्या जुन्या व्रणावर बोट फिरवत ताहिरा म्हणाली. "त्यात माझ्या अब्बांचा फोटो. ते मचवा चालवायचे; त्यांच्या मचव्यात जर्मन खलाशी. खाली काय, तर सन १९४०, पोर्तुगीज हुकूमशाहीच्या आडोशानं मुरगावात लपलेल्या नाझी जहाजांना रसद पोचवणारा तांडेल! माझा जन्मच एकेचाळीसचा, त्या आधीचं मला काय माहीत? अब्बा गेले, आता त्यांच्या बाजूनं बोलणार कोण?"

"फोटो मंडळाला कुणी दिला?"

"चुलतभावानं दिला, महबूबनं. त्याचंच कारस्थान. घराच्या वाटणीवरून आमचं वाजलंय."

वहिनी नि शशिकांत जलीब भागातल्या त्याच्या दुकानात गेले, तेव्हा महबूब शांतपणे म्हणाला, "भांडण ताहिराआपाशी हाय, चाचांशी नाय. फोटो एका कुवेती नाखव्याच्या, जुन्या गलबतवाल्याच्या घरी मिळाला. मागं त्यानंच कायतरी लिवलंय म्हणाला. मी उलटूनसुद्धा पाह्यलं नाय."

राहिला स्मरणिकेचा संपादक आलोक. दस्मान भागात दहा नंबरच्या इमारतीत राहायचा.

"ही काय दहा नंबर," पाटी वाचून शशिकांत म्हणाला. चार जिने चढल्यावर कळलं, इथे कुणी आलोक नाही. वहिनींनी पाटी पाहिली, गालात हसल्या आणि त्याला पाच इमारती मागे घेऊन गेल्या.

"मी कशाला खोटं लिहू?" आलोक वैतागला. "कुवेतला येऊन मला सहा आठवडे झाले. फोटोमागचं अरबीतलं गावाचं नाव ड्रायव्हरनं वाचलं, साल मी स्वतः. नऊ नि चार त्याला विचारले. शेवटी शून्य. शून्य काय विचारायचं?"

त्यानं काढून दाखवलेला मूळ फोटो पुरा होता. तांडेलाच्या गुडघ्याला धरून तीन-चार वर्षांची मुलगी उभी, भुवईवर पट्टी.

"पानात मावेना, म्हणून खालून कापला," आलोक म्हणाला.

संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना घरी बोलावलं.

"भाऊजी, सकाळी पंधरा नंबरात का शिरलात?"

"पाटीवर दहा होतं, वहिनी."

"एकापुढे पोकळ गोल होता. तो अरबी पाच. इथलं शून्य म्हणजे नुसता ठिपका. आपल्या मराठी डोळ्यांना गोल दिसला की संपलं. आलोक, तुझे चाळीस म्हणजे पंचेचाळीस. मुरगावातली जर्मन जहाजं त्रेचाळीसलाच बुडाली, मग रसद कुणाला? हे युद्धानंतर कैदेतून सुटलेले खलाशी."

"हाही तुमचा अंदाजच," आलोक पुटपुटला.

वहिनींनी मूळ फोटो ताहिरापुढे ठेवला. "चाळीस साली जी जन्मलीच नव्हती, ती या मचव्यात कशी?"

ताहिरानं फोटोतल्या पट्टीवर बोट ठेवलं. "खडकावर पडले होते," ती हळूच म्हणाली. "अब्बा मला डॉक्टरकडे नेत होते. एक गोरा माणूस पाण्यात हात बुडवून गात होता. मला वाटायचं, ते स्वप्न."

मग तिनं मान वर केली. "पण चाळीस साली अब्बा काय करत होते?"

"ते हा फोटो सांगत नाही, ताहिरा."

स्मरणिकेत फोटो पुरा छापला गेला. आलोक पुढे कॅनडाला गेला. महबूब घराच्या वाटणीवरून अखेरपर्यंत भांडला. नाखव्याकडचे बाकीचे फोटो मात्र त्यानं स्वतः ताहिराला आणून दिले. शशिकांत अरबी शिकला. वहिनी दोन हजार सहा साली पुण्यात वारल्या.

ताहिरा त्याआधी एकदा मुरगावला जाऊन आली. धक्क्यावर तिला एक म्हातारा भेटला, युद्धाच्या काळात तिथेच हमाली केलेला. तिनं त्याला चहा पाजला, त्याच्या नातवंडांची चौकशी केली आणि चाळीस सालाबद्दल काही न विचारता उठली.