अकरावं झाकण

परसात रांजण अकरा, झाकणं अकरा, दुर्बीण एक आणि मी एक. नोव्हेंबरची संध्याकाळ, चंद्र नाही. मग कुंपणाकडून "अरे बापरे!" असं ऐकू आलं, आणि झाकणं दहा झाली.

"कोण आहे?"

"शेजारचा नवा भाडेकरू, मूजिन. वनखात्यात असतो. तुमच्या आईंचा किमचीचा डबा परत करायचा होता... रिकामा नाही, सफरचंदं आहेत."

"वाट सोडून रांजणांतून कोण येतं?"

"वाट दिसली असती तर आलो असतो तिथूनच."

मला तो विनोद वाटला. मी हसले.

"झाकण भरून देईन," तो म्हणाला. मग मान वर करून, "काय बघताय?"

मी कृत्तिका दाखवल्या. "किती दिसतात?"

"चार."

"चारच? मला आठ दिसतात."

"म्हणजे माझ्या चार तुम्हीच ठेवून घेतल्यात."

आमच्या यंगयांगच्या डोंगरात आकाश काळंभोर असतं. निरभ्र संध्याकाळी तो येऊ लागला. कुंपणापासून दुर्बिणीपर्यंत माझी बाही धरून चालायचा.

"बाही धरायला काही कारण?"

"अंधार पुरत नाही का, यूरिम?"

मी चांगला कोट परसात घालायला लागले. आई म्हणाली, "तारे कोट बघतात वाटतं!"

थंडी वाढली. एकदा दुर्बिणीत मी देवयानी तारकासमूहाच्या पायाशी असलेली एक फिकट दीर्घिका लावली. कडेनं दिसणारी, सुरीनं चीर पाडावी तशी.

"थेट बघायचं नाही," मी सांगितलं. "जरा बाजूला बघायचं. मग डोळ्याच्या कोपऱ्यात हळूच येते."

"लाजाळू आहे."

"तिरकं बघता येतं ना तुम्हाला?"

"कुणाकडे, त्यावर आहे..." तो वाकला. बराच वेळ वाकून राहिला. "दिसली!"

"कशी आहे?"

"गोल. मऊ. अगदी मधोमध — सरळ तिच्याकडेच बघतोय."

चीर गोल नसते. आणि माझ्या छोट्या दुर्बिणीतून सरळ बघितलं की ती नाहीशीच होते.

मी खिशातला लाल दिवा लावला, त्याच्या कानाजवळ धरला, हलवला. मूजिन समोरच बघत राहिला. दिवा पुढे आणला. आणखी पुढे. जवळजवळ नाकासमोर आल्यावर तो दचकला.

"कधीपासून?" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"रातांधळा लहानपणापासून. आता कडा आत येतायत. नळीतून बघितल्यासारखं... पुढे नळीही राहणार नाही म्हणतात. केव्हा, ते सांगत नाहीत."

"आणि दिसली म्हणालास?"

"तू इतकी वाट बघत होतीस."

"मग बाही... ती वाटेसाठी?"

"आधी. वाट दुसऱ्याच आठवड्यात पाठ झाली होती."

मी त्याचा हात धरला. त्यानं तो हळूच सोडवून घेतला.

"बुसानला भावाकडे जातोय मी. तिथे रात्रभर दिवे असतात. इथे राहिलो तर तू माझी काठी होऊन बसशील."

"मला विचारलंस?"

"विचारलं तर हो म्हणशील. म्हणून नाही विचारलं."

मार्चमध्ये तो गेला. शेजारच्या दाराला कुलूप, आणि आमच्या एका रांजणावर ताट उपडं.

पुन्हा नोव्हेंबर आला. मी दुर्बीण लावत होते. कुंपणाशी खुट्ट झालं, पण फुटलं काहीच नाही.

"झाकण द्यायचं राहिलं होतं," मूजिन म्हणाला. बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मातीचं झाकण. "बसमध्ये मांडीवर घेऊन आलो." दुसरा हात चाचपडत होता. "ही दोरी कसली?"

"कुंपणापासून दुर्बिणीपर्यंत. पांढरी आहे."

"कधी बांधलीस?"

"तू गेलास त्या आठवड्यात."

तो दोरीला धरून चालत आला. वाटेत एका रांजणालाही लागला नाही. माझ्याजवळ पोचल्यावर दोरी सोडली आणि बाही धरली.

"दोरी आहे ना?" मी म्हणाले.

"आहे. चांगली आहे." बाही सुटली नाही. "यूरिम, आता विचारतो... राहू?"

"बुसानच्या दिव्यांचं काय?"

"त्यांत मला कुणी विचारत नव्हतं, किती दिसतात म्हणून."

मी ताट उचललं. त्यानं चाचपून रांजणाची कड शोधली आणि झाकण बसवलं. पूर्वेला कृत्तिका वर आल्या होत्या. मी त्याची हनुवटी धरून मान तिकडे वळवली.

"किती दिसतात?"

तो बराच वेळ बघत राहिला.

मला आठ. मूजिनला दोन.