सामंतसरांची नजरवाट

चालू

मिरजेतल्या एका नेत्र-प्रयोगशाळेच्या मधोमध खाट होती आणि तिच्यावर डॉ. कुमुद खानोलकर उताण्या पडल्या होत्या. जन्मभर लोकांचे डोळे तपासलेल्या बाईंच्या डाव्या डोळ्यात कालपासून वीज चमकत होती. तरुण डॉ. रेहान मुजावर कपाळावर दिवा बांधून, हातात भिंग धरून खाटेच्या कडेनं फिरला.

"डोळ्याचा पडदा ठीक आहे, मॅडम. कुठं फाटलेला नाही."

"मग ही वीज कुठल्या कंपनीची?"

रेहान हसला. "मी सामंतसरांच्या हाताखाली शिकलोय."

"सर गेले तेव्हा तू पाळण्यात असशील."

"ऑनलाइन, मॅडम. नजरवाट. सर काय बघत होते तेही टिपलंय, आणि त्यांचे डोळे, हात, पाय कसे हलत होते तेही. व्हिडिओ लावला की आमचा चष्मा आमची नजर त्याच वाटेनं ओढतो, अंगावरचे पट्टे पावलं वळवतात. सारखं केलं की अंगात भिनतं. आता देशभर सगळे असेच शिकतात."

थांबा

"पुन्हा तपास."

या वेळी त्या उजव्या डोळ्यानं त्यालाच न्याहाळत राहिल्या. भिंग उचलण्याआधी त्यानं त्यांच्या कपाळावर पालथा हात टेकवला. लकब सरांचीच; त्या स्वतः सरांच्याच विद्यार्थिनी.

मग तो त्यांच्या उजव्या बाजूला वळायच्या आधीच परत फिरला. खोली तर मोकळी होती.

मागे

सरांची खोली चिंचोळी. मुलांना उभं राहता यावं म्हणून सर खाट भिंतीला सरकवायचे. रुग्णाची उजवी बाजू हिरव्या तैलरंगाला चिकटायची. शिकवून झालं की मुलांना चहाला पिटाळायचे, खाट ओढायचे आणि राहिलेली कड तपासायचे. तोवर चित्रण संपलेलं असायचं. खाटेचं दुसरं टोक धरायला कुमुद तेवढी मागे राहायची.

पुन्हा चालू

"रेहान, पडद्याची एक कड बघायची तर तिच्यासमोरच्या बाजूला उभं राहावं लागतं ना? माझ्या उजवीकडे ये."

त्यानं पाऊल उचललं आणि तो थबकला. "इथं जागा नाहीये असं वाटतंय."

"भिंत आहे. तू कधी न पाहिलेली. ये तिच्यातून."

बऱ्याच वेळानं पाऊल टेकलं. भिंग स्थिरावलं.

"फाटलाय, मॅडम. कानाकडच्या कडेला. लहान आहे, आजच लेसरनं डागू." मग त्याचा आवाज उतरला. "म्हणजे ही कड आम्ही कुणीच, कुणाचीच..."

"नवा धडा कर. माझ्याच डोळ्यावर."

"आत्ताचं टिपलं गेलंय, कपाळावरच्या दिव्यात कॅमेरा आहे. पण त्यात माझं थबकणंही आलं. देशभर प्रत्येक जण इथं येऊन थबकणार. कापून टाकू?"

कुमुदबाईंनी उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"राहू दे. सर आणि मीही थांबायचो तिथं, खाट ओढेपर्यंत."